बर्फाच्या लादीचा मान

ज्या समाजात माणुसकी असते, तिथे उतार बांधावा लागत नाही. नुसत्या पायऱ्या ठेवल्या तरी भागतं. उचलायला माणसं असतातच.

जुहूच्या एका हॉटेलाने हे तत्त्व फार आधी ओळखलं होतं. दारात उंच पायऱ्या आणि वर पाटी : ‘सर्वांचे हार्दिक स्वागत’. (पाटी खालूनही वाचता येत असे. ही सोयच म्हणायची.) आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष उलटून दोन वर्षं झाली होती, त्यामुळे आता कुणालाच घाई नव्हती.

माझी धाकटी बहीण शकु चाकांच्या खुर्चीत असते. त्या मे महिन्यात तिला टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. आजवर आम्ही तिला फिरायला न्यायचो. या सुट्टीत तिने मला घाटकोपरहून जुहूला नेलं. आधी समुद्र, मग मसाला डोसा. तोही टेबलाशी, पंख्याखाली बसून, तिच्याकडून.

खुर्ची पहिल्या पायरीला टेकली आणि माणुसकी धावून आली. गिऱ्हाईकं अर्धे डोसे टाकून उठली. अशा वेळी कामाची वाटणी आपोआप होते : दोघं चाकं धरतात, एक जण “हळू, हळू” म्हणतो आणि बाकीचे या तिघांना सल्ला देतात. जिला उचलायचं तिला विचारायची पद्धत नाही. (कपाटालाही विचारत नाहीत.)

“सोडा,” शकु म्हणाली. “चौघांनी उचलायचं ते एकदाच. त्याला वेळ आहे अजून.”

मंडळी दुखावली. “भलाईचा जमानाच राहिला नाही,” हळू-हळूवाले म्हणाले.

मॅनेजर श्यामसुंदर वरून ओणवले. “ताई, खालीच टेबल लावू का? मस्त हवा लागेल.”

“पार्टी मी देतेय. रस्त्यावर देऊ?”

तेवढ्यात बर्फाची हातगाडी आली आणि बाजूच्या गल्लीतून सरळ आत गेली. मागच्या दाराला सिमेंटचा पक्का उतार होता. बर्फाच्या लादीसाठी कुणी डोसा टाकून उठत नाही, म्हणून मालकांनी तिची वेगळी सोय केली होती.

“मी पण तिथूनच येते ना,” शकु म्हणाली.

श्यामसुंदर घाबरले. “छे छे! तिकडे किचन आहे. गिऱ्हाइकाला तिथून नेत नाही आम्ही.”

“का?”

श्यामसुंदरांनी स्वागताच्या पाटीकडे बघितलं.

“दादा, तू पायऱ्यांनी जा. मी आलेच,” म्हणून तिने चाकं गल्लीत वळवली.

थोड्या वेळाने ती किचनच्या दारातून आत आली, तेव्हा सगळ्या हॉटेलाने टाळ्या वाजवल्या. ती टेबलाशी बसली, अगदी पंख्याखाली. वेटर आला.

“दोन बाटल्या थंडा. झाकणं इथे, माझ्यासमोर काढायची.”

“अगं, आणि डोसा?” मी म्हणालो.

“तू पुढून आलास ना, म्हणून विचारतोयस.”

पार्टी झकास झाली. तुम्हीही तिथेच होतात. उचलायला उठलात, टाळ्या वाजवल्यात. ती मागे किचनमध्ये काय बघून आली, एवढं मात्र विचारलं नाहीत. खाली बसलात, उरलेला डोसा पुढे ओढलात आणि वेटरला आणखी सांबार आणायला सांगितलंत.