दातवाल्या बाईंची लाट

"बाईंची लाट गेली तर गेली. तुम्ही हातीपायी धड घरी आलात, हेच खूप," असं म्हणत बायकोनं रांगोबांच्या डोक्यावर कोरडा टॉवेल टाकला, आणि रांगोबांना त्या टॉवेलखालून बाहेर यावंसंच वाटेना.

रांगोबा हे त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात ते तक्रारींच्या खिडकीशी बसत, आणि रांग मोडून पुढं आलेल्या माणसाची तक्रार, मग त्याच्या घरात नळाऐवजी कारंजं का फुटलेलं असेना, ते ऐकून घेत नसत. म्हणून गावानं त्यांना हे नाव ठेवलं होतं. पुढं समुद्रावरही रांग लावायची वेळ आली, तेव्हा रांगसमितीचं अध्यक्षपद आपसूक त्यांच्याच गळ्यात पडलं.

समुद्रावर रांग म्हटल्यावर रांगोबांचे आजोबा पोट धरधरून हसले असते. त्यांच्या काळी ज्याला वाटेल त्यानं फळी काखेत मारावी आणि मन भरेपर्यंत लाटांवर नाचावं. पण मधल्या काळात समुद्र वर चढला आणि किनारा पोटात घालून बसला. आता लाट धड फुटायची ती एकाच जागी, पाण्याखाली गेलेल्या जुन्या रस्त्याच्या कडेवर. जिथं एके काळी लोक गाडी लावायला जागा शोधत, तिथंच त्यांची नातवंडं फळ्यांवर बसून लाटेची वाट बघत. तीही हंगामात कधीमधी यायची. बाकीचं सर्फिंग हॉलमध्ये चाले. तिथं बटण दाबलं की हवी तेवढी, हवी तशी, इस्त्री केल्यासारखी लाट येई. हॉलमध्ये शिकलेल्या पोरांना समुद्र म्हणजे अगदीच गबाळा वाटे. वेळेवर येत नाही, आला तरी वाकडा येतो!

तरी खरी लाट ती खरी लाट. त्या हंगामातल्या सर्वांत मोठ्या लाटेवर पाळी होती गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची. सगळे त्यांना दातवाल्या बाई म्हणत. साठी उलटल्यावर हॉलमध्ये सर्फिंग शिकलेल्या या बाई दोन हंगाम रांगेत होत्या. दर वेळी त्यांची पाळी आली की समुद्र झोपी जाई. या वेळी मात्र लाट आली. रांगोबा गळ्यात शिट्टी अडकवून, बाईंच्या शेजारी आपल्या फळीवर, पाळीवर लक्ष ठेवायला बसले होते. आणि लाट घेऊन गेले ते रांगोबा!

झालं असं. रांगोबांच्या फळीला 'सारथी' होता. सारथी म्हणजे फळीच्या पोटातलं छोटं यंत्र. लाट आली की ते आपणहून ओळखतं, फळीला ढकलून लाटेवर चढवतं आणि वरच्या माणसाचा तोल सांभाळतं. सारथ्यामुळंच तर गावातली गुडघे गेलेली मंडळीसुद्धा पाण्यात उतरत. त्या दिवशी सारथी बंद करायचं रांगोबांच्या ध्यानातून गेलं. लाट आली, सारथी गुरगुरला आणि फळी सुटली. इथवर रांगोबांची काही चूक नव्हती. फळी थांबवायचं बटण पायाच्या अंगठ्याशीच होतं. त्यांनी अंगठा बटणावर ठेवलाही.

मग त्यांनी समोर पाहिलं. लाट काचेसारखी हिरवी, उंच, अशी उभी राहत होती, की आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाळ्या सांभाळणाऱ्या त्या माणसाला वाटलं, ही आपली. त्यांनी अंगठा उचलला.

काठावर लोक धावत आले तेव्हा रांगोबांच्या तोंडून दोनच शब्द निघाले, "सारथी बिघडला!"

हे दोन शब्द त्यांना फार महागात पडले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की बिघडलेल्या सारथ्यानं बिचाऱ्या रांगोबांना फरफटत नेलं. जो तो घरी येऊन त्यांची विचारपूस करू लागला. "तुमच्या जागी दुसरा असता तर घाबरून मेलाच असता," शेजारी म्हणाले. रांगोबांनी मान खाली घातली. लोकांना तो त्यांचा विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक बसली आणि एकमतानं ठरलं, की गावातल्या सगळ्या फळ्यांचे सारथी काढून टाकायचे. अध्यक्ष म्हणून हुकमावर सही रांगोबांची. आता हे सारथी गावात बसवले होते कोणी? तर रांगोबांच्या सख्ख्या मेहुण्यानं. बायकोचा हा धाकटा भाऊ फळ्या दुरुस्तीचं दुकान चालवी. त्या दुकानासमोर फळ्या काखेत घेऊन लोकांची ही रांग लागली! रांगोबांच्या हयातीतली सर्वांत शिस्तीची रांग, आणि तिच्याकडं बघवत नव्हतं त्यांना. जो येई तो मेहुण्याला चार शब्द सुनावून जाई. गुडघ्यांनी अधू झालेले एक आजोबा तर आपली फळी तिथंच ठेवून गेले. "सारथ्याशिवाय मला काय करायची ही? कपडे वाळत घाल तिच्यावर," असं म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

मेहुण्यानं रांगोबांचा सारथी खोलला, पुन्हा जोडला, पुन्हा खोलला. त्यात बिघाड असेल तर सापडेल ना! शेवटी तो संध्याकाळी घरी आला.

"दाजी, मला पुन्हा एकदा नीट सांगा, नेमकं काय झालं? बटण दाबलंत तुम्ही?"

"अंगठा... ठेवला होता," रांगोबा म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"आणि तरी थांबली नाही?"

"अरे, किती छळशील त्यांना!" बायको मध्ये पडली. "एक तर तुझ्या यंत्रापायी जिवावर बेतलं होतं. तेव्हापासून घास उतरत नाहीये त्यांच्या घशाखाली. तुझं नाव खराब झालं म्हणून मनाला लावून घेतलंय त्यांनी. आणि तू उलटतपासणी घेतोयस?"

जाताना मेहुण्यानं रांगोबांच्या पायांना हात लावून माफी मागितली. तोही नेमका त्याच अंगठ्याला! रांगोबांनी पाय असा मागं घेतला, जणू निखाऱ्यावर पडला होता.

त्या रात्रीपासून ते झोपेत दात खाऊ लागले. करकर आवाजानं बायको जागी होई. अखेर एके सकाळी दाढेचा टवका उडाला आणि गाल फुगला. गावात दातांचा दवाखाना एकच होता.

बाईंनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, सुई टोचून जबडा बधिर केला आणि तोंडात आरसा घातला. रांगोबांना वाटलं, आता सांगूनच टाकावं. यापेक्षा जास्त शरम काही वाटायची नाही.

"आई, ई आट ई ओअई," ते म्हणाले.

"बोलू नका, जीभ मध्ये येते. आणि लाट तुम्ही चोरलीत हे मला ठाऊक आहे."

रांगोबांचा जबडा होता त्याहून खाली गेला.

"तुम्ही माझ्या पुढून गेलात ना, तेव्हा तुमचे सगळे दात दिसत होते. अक्कलदाढेसकट. घाबरलेला माणूस ओठ घट्ट मिटतो हो. या खुर्चीत दिवसभर तेच बघते मी." बाईंनी दाढेवर काहीतरी घासलं आणि थांबल्या. दाराकडं पाहून त्यांनी आवाज उतरवला. "पण मी बोलले नाही. का, माहितीये? कारण त्या क्षणी मी सुटकेचा श्वास सोडत होते. माझ्याच्यानं नसती झाली ती लाट. हॉलमधली लाट कशी, बिछाना घातल्यासारखी. ही म्हणजे अंगावर येणारं कपाट! मी तर परत फिरायला फळी वळवलीसुद्धा होती. तेवढ्यात तुम्ही सुटलात."

"ऑं?"

"मग काठावर आल्यावर सगळे म्हणायला लागले, बाईंची लाट गेली, बाईंवर अन्याय झाला. मीही डोळे पुसले. काय करणार! रोग्यांनी फुलं आणून दिली." बाईंनी कपाळाला हात लावला. "लाज वाटते हो सांगायला. आणि आता तुमच्या समितीनं ठरवलंय, रविवारी मोठी लाट येतेय, ती बाईंना सन्मानानं द्यायची. सगळं गाव समुद्राकाठच्या भिंतीवर बघायला उभं राहणार. माझी सूनसुद्धा."

बाईंनी नळ बंद केला आणि त्या पुढं झुकल्या.

"तुम्हाला एक विनंती करू? तीही लाट चोराल का?"

रांगोबांनी जिवाच्या आकांतानं 'नाही' म्हणायचा प्रयत्न केला. पण 'न' हा पडला दंत्य वर्ण. त्याला जीभ दातांपाशी न्यावी लागते, आणि ती तर ओंडक्यासारखी पडली होती. तोंडातून निघालं, "हाई."

"होय म्हणालात ना? फार उपकार झाले," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दाढ भरून टाकली.

रविवारी समुद्राची भिंत माणसांनी फुलली. बाई आपल्या फळीवर ताठ बसल्या होत्या, चेहरा चुन्यासारखा. शेजारी रांगोबा. त्यांची फळी आता साधी, सारथ्याशिवायची. चोरायचं की नाही, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. अख्ख्या गावासमोर? आज तर सारथ्याचं निमित्तही नव्हतं. त्यांनी भिंतीकडं पाहिलं. बायको पुढच्या ओळीत उभी होती. मेहुणा एका टोकाला एकटाच, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं जरा अंतर राखून.

लाट उभी राहिली. बाईंनी रांगोबांकडं पाहिलं. इतकं केविलवाणं त्यांच्या खुर्चीतल्या कोणा रोग्यानंही कधी पाहिलं नसेल.

रांगोबांनी डोळे मिटले आणि हात मारायला सुरुवात केली. धापा टाकत, तोंडात पाणी घेत ते कसेबसे लाटेवर चढले. आधी गुडघ्यांवर, मग रांगत्या मुलानं उभं राहावं तसे उभे.

"चोर! चोर! माझी लाट नेली!" मागून बाईंचा आवाज आला. त्यात जरा जास्तच उत्साह होता.

अर्ध्या वाटेत लाटेनं रांगोबांना उचललं, उलटं केलं, धुतलं, पिळलं आणि भिंतीच्या पायऱ्यांवर आणून टाकलं. मागोमाग त्यांची फळी आली आणि पाठीत बसली.

भिंतीवर कोणीतरी हळूच म्हणालं, "पण सारथी तर काढलेला होता ना?"

सगळ्या माना आधी मेहुण्याकडं वळल्या, मग रांगोबांकडं. बायको दोन पायऱ्या खाली उतरली.

"अहो, म्हणजे त्या दिवशीसुद्धा...?"

"सारथी चांगला होता," रांगोबा म्हणाले. अंगावरून पाणी निथळत होतं, आणि वर बघायची हिंमत होत नव्हती. "अंगठा मी काढला. मला ती लाट हवी होती."

बायकोनं टॉवेल पुढं केला नाही. ती भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मेहुणा मात्र खाली आला. त्यानं फळी उचलली, उलटी केली आणि बोट फिरवलं.

"शेपटाकडं चिरलीय, दाजी. दुकानात आणून द्या."

"कधी आणू?"

"सगळ्यांचे सारथी परत बसवायचेत आधी. तुमचं मग बघू."

संध्याकाळी समितीची तातडीची बैठक झाली. रांगोबांना पदावरून काढण्यात आलं, आणि हंगामभर समुद्र बंद. सर्फिंग करायचंच असेल, तर हॉलमध्ये बालवर्गाबरोबर करावं. नव्या अध्यक्ष म्हणून, ज्यांच्यावर दोनदा अन्याय झाला आणि तरी ज्यांनी संयम सोडला नाही, त्या दातवाल्या बाईंचं नाव टाळ्यांच्या गजरात पुढं आलं. बाईंनी डोळे पुसले, आढेवेढे घेतले आणि मग पद स्वीकारलं. लगेच त्यांनी आपला पहिला ठराव मांडला, की अध्यक्षपदाची शोभा राखायची तर यापुढं अध्यक्षानं पाण्यात उतरू नये, भिंतीवर खुर्ची टाकूनच बसावं.

"कोणाचं अनुमोदन?" रांगोबांकडं अजिबात न बघता बाईंनी विचारलं.

सभा विचारात पडली. दाराशी, चपलांजवळ उभ्या असलेल्या रांगोबांनी हात वर केला. खरं तर त्यांना आता मत द्यायचा हक्क उरला नव्हता, पण बाईंनी ते चालवून घेतलं.