तोतयाचे दरबारी गोगलगाई गेल्या त्याची हकीकत

श्रीशारदा आणि तिचे हातची पोथी प्रसन्न असो. सकल वाचणाऱ्या मंडळींस निनावी लेखकाचे सांगणे ऐसे जे, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद मास. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु हकीकत मायेची आहे. ते काळी एका विज्ञानसंस्थानी ग्रंथपालपदाची वस्त्रे कुमुदिनीबाई टेंभेकर यांजकडे होती. चष्मा नाकाचे शेंड्यावर, आणि पिशवीत एके अंगास शास्त्रांची नियतकालिके तर दुसरे अंगास कोथिंबिरीची जुडी, ऐसा बाईंचा लवाजमा. संस्थानचे पंडित उमर वेचून निबंध लिहीत आणि छापणाऱ्या सावकारांस फुकट देत, मग दुसऱ्यांचे निबंध तपासून देत तेही फुकट, आणि मग तेच छापील निबंध संस्थानाने त्याच सावकारांकडून विकत घ्यावे, ऐसी रीत पडली होती. बाई म्हणत, "म्हैस आपली, चारा आपला, आणि दुधाचा रतीब मात्र दुसऱ्याकडून!" परंतु कोणी एखादा निबंध मागितला की सारे दफ्तर पालथे घालून आणून देत, आणि वर चहाही पाजीत.

तो एके दिवशी प्राणिशास्त्राच्या संघमित्राबाई सोनवणे पेढ्यांचा पुडा घेऊन ग्रंथालयी दाखल जाहल्या. या बाईंनी पाच वर्षे ऊन म्हटले नाही, पाऊस म्हटला नाही ऐसी उघडे कातळावर काढून, कोरड्या दिवसांत गोगलगाई कोठे दडतात आणि पाऊस पडताच आपले जुने ठिकाणी परततात की काय, याचा शोध केला होता. "ताई, आधी तोंड गोड करा. माझा निबंध स्वीकारला!" ऐसे बोलून त्यांनी पत्र पुढे केले, आणि कुमुदिनीबाईंनी पेढा हाती घेऊन पत्र वाचिले, आणि पेढा हातीच राहिला. कारण की ते नियतकालिक तोतया होते. नाव थोरल्या नियतकालिकासारखे, थाटही तोच, परंतु निबंध चौथे दिवशीच मान्य, आणि संपादकमंडळातले एक बुजुर्ग कैलासवासी होऊन बहुत वर्षे जाहली तरी संपादन करीतच होते. तेथे छापिले ते कोणी शहाणा वाचीत नाही आणि पुन्हा दुसरीकडे देताही येत नाही, म्हणजे पाच वर्षांची मेहनत पाण्यात. निबंधाचे हक्कपत्रावर सही होणे आणि छपाईचा नजराणा रवाना होणे तेवढे राहिले होते. इकडे फळ्यावर अभिनंदन लागले होते, बढतीची मुलाखत तोंडावर आली होती, अर्ध्या संस्थानाने पेढे खाल्ले होते, आणि संघमित्राबाईंचा चेहरा ऐसा फुलला होता की बाईंस खरे सांगवेना. "छान गं," इतुकेच बोलिल्या आणि पेढा रुमालात बांधून घरी आल्या.

घरी यजमान मधुकरराव भाजी निवडीत बसले होते. "आज गप्प का?" ऐसे पुसते जाहले. मग बाईंनी पेढा पुढे ठेवून सारी हकीकत सांगितली आणि म्हणाल्या, "सांगितलं तर रडेल हो. आणि नाही सांगितलं तर..." "तर पुढे रडेल, आणि तू ठाऊक असून बोलली नाहीस म्हणून जास्त रडेल," मधुकरराव बोलिले. "आता हा खाऊन टाक. पत्र खोटं असेल, पेढा खरा आहे." मग उभयतांनी अर्धा अर्धा खाल्ला.

दुसरे दिवशी कुमुदिनीबाईंनी संघमित्राबाईंस आपले खोलीत बसवून, पाठीवर हात ठेवून, होते ते सांगितले. संघमित्राबाईंचा चेहरा उतरला आणि मग लाल जाहला. "सगळ्यांनी कौतुक केलं, ताई. तुम्हालाच तेवढी खोट दिसली?" "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यांनाच विचार, तपासणाऱ्याने काय काय चुका काढल्या म्हणून." संघमित्राबाई ताडकन उठून गेल्या, आणि कुमुदिनीबाईंनी दिवसभर नसलेली धूळ झटकिली आणि डबा तैसाच परत नेला. चार दिवस उलटले आणि तोतयाचे उत्तर आले की, चूक एकही नाही, निबंध सर्वांगसुंदर, नजराणा सत्वर धाडावा. ते घेऊन संघमित्राबाई आपण होऊन आल्या आणि म्हणाल्या, "एकही चूक नाही म्हणतात! मलाच डझनभर ठाऊक आहेत." मग निबंध मागे घेतला, फळ्यावरला कागद आपले हाते काढिला, आणि त्या साली बढती हुकली. "पेढे परत करायचे का, मॅडम?" ऐसी थट्टा शिक्षककक्षात बहुत दिवस चालली, ती कानाआड केली. आणि ताईंशेजारी बसून एक खरे नियतकालिक निवडून निबंध तेथे रुजू केला.

मग फाल्गुनमासी त्या खऱ्या दरबारचा खलिता आला. मान्यता नाही, शंका मात्र पानेच्या पाने. कुमुदिनीबाई पाहतात तो संघमित्राबाई ग्रंथालयाचे खिडकीपाशी खलिता वाचीत डोळे पुशीत आहेत. बाईंनी हातची पुस्तके खाली ठेविली. जवळ जाऊन बोलिल्या, "माझंच चुकलं गं. होतं ते सुख तरी तुला राहू द्यायचं होतं." "नाही हो ताई, हे बघा तरी. मी गोगलगाईच्या शंखावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देऊन खूण करते ना? तर विचारलंय, त्या ठिपक्यामुळेच पाखरांना ती दिसत असेल, तर परत न आलेली गोगलगाय वाट चुकली की पाखराने खाल्ली? ताई, हीच शंका मला झोपू देत नव्हती, आणि बोलले तर लोक हसायचे. कुठला कोण माणूस, नावही ठाऊक नाही, त्याने ओळ न् ओळ वाचलंय हो!" ऐसे म्हणून रडत होत्या त्या हसू लागल्या, आणि कुमुदिनीबाईंस रडू आले, आणि शांतता पाळा या पाटीखाली उभयतांनी बहुत गलबला केला.

निबंध अद्याप छापिला नाही, बढतीही नाही. पुढले साली ज्येष्ठी संघमित्राबाई मातकट रंगाच्या नेलपॉलिशची बाटली घेऊन कातळावर निघाल्या, तेव्हा कुमुदिनीबाईंनी रजा टाकून संगे कूच केले. जन्मभर गोगलगाईंवरचे ग्रंथ लाविले, परंतु गोगलगाय हाती घेतली नव्हती. ती तळहातावर चालू लागली तेव्हा बाई श्वास धरून उभ्या राहिल्या. सारांश, तोतयाचा मोड जाहला आणि एका निबंधास एक वाचणारा मिळाला. त्या साली त्या संस्थानी याहून थोर काही घडल्याचे लेखकास ठाऊक नाही.