ताराचा जर्मनीतला तास

तारा गेली हे मला सोमेश्वरनं सांगितलं, आणि तेही न सांगता.

त्या दिवशी मी पाटोद्याच्या बाजाराला गेलतो. मेंढरं कातरायच्या कातरीला धार लावून घ्यायची होती. गावाकडं निघालो तर रस्त्यात भेटेल तो माणूस माझ्याशी गोड बोलायला लागला. एकानं चहा पाजला, एकानं हातातली पिशवी घेतली. "घरी जा, वहिनीला जरा बरं न्हाई" एवढंच म्हणायचे आणि दुसरीकडं बघायचे. मला वाटलं, ताप आला असेल.

मग सोमेश्वर आला. हा माझ्या शेताचा शेजारी. बांधाच्या भांडणापायी कित्येक वर्षं आमचं बोलणं बंद. माझं मेंढरू त्याच्या तुरीत शिरलं तर तो मेंढराला शिव्या द्यायचा, माझ्याकडं बघायचासुद्धा नाही. त्यानं मोटारसायकल माझ्यापुढं उभी केली, मागची सीट आपल्या उपरण्यानं पुसली आणि म्हणाला, "बस धुळाजी. सावकाश बस. पाणी पितो का?"

सोमेश्वर मला पाणी विचारतोय म्हटल्यावर मला सगळं कळलं.

मेंढरांना पाला टाकताना ताराच्या छातीत कळ आली आणि ती तिथंच बसली. त्यापुढं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते तिच्या तासाचं.

माझा मुलगा भागवत जर्मनीत एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याची मुलगी मोहिनी तिथल्याच शाळेत जाते. त्या शाळेत इंग्रजी आहे, फ्रेंच आहे, वरच्या वर्गात स्पॅनिशही आहे. भागवत एकदा फोनवर सांगत होता, की जर्मनीत पोरं फ्रेंच शिकतात आणि फ्रान्समधली पोरं जर्मन शिकतात. तारा म्हणाली, "म्हंजी साटंलोटं हाय. एकमेकाच्या पोरी एकमेकाच्या घरी." मॉरिशसमध्ये तर शाळेत मराठी शिकवतात, असंही तो म्हणाला. झालं. तारानं तेच धरून ठेवलं. "मग जर्मनीत कावून न्हाई? तिथल्या लोकायला कोणी सांगितलं न्हाई का?"

आणि एक दिवस मोहिनी फोनवर रडली. तिच्या वर्गात लुकास नावाचं एक पोरगं आहे. ते तिला म्हणालं होतं, की जी भाषा कुठल्याच शाळेच्या वेळापत्रकात नाही ती भाषाच नाही. तुम्ही घरी नुसते आवाज काढता.

ताराला जर्मनीला जाता आलं असतं तर ती त्याच रात्री निघाली असती. पण त्या शाळेत एक चांगली पद्धत निघाली. सप्टेंबरात एक आठवडा ज्याच्या त्याच्या घरचं माणूस वर्गात येऊन आपली भाषा थोडी शिकवतं. कुणाची तुर्की आजी येणार होती, कुणाचा पोलंडचा आजोबा. मोहिनीची पाळी शेवटी होती. तारानं सांगून टाकलं, "मी शिकविते. फोनवर दिसते की मी."

मग आमच्या घरी तालीम सुरू झाली. संध्याकाळी मेंढरं आणून मी टेकलो, की ती मला समोर बसवायची. तिनं धडा ठरवला होता. पोरांना काय आलं पाहिजे? तर घरी माणूस आलं की काय म्हणायचं ते. बाकीचं मागून येतं, असं तिचं मत.

"म्हना, या. बसा. पानी घ्या."

मी म्हणायचो, "मला येतंय ते."

"तुमाला येत न्हाई. तुमी आत्ता जर्मनीतले हायत."

मी आपला जर्मनीतला होऊन म्हणायचो. ती म्हणायची, नीट तोंड उघडा, तिकडं थंडी असती म्हणून काय झालं.

तारा गेली आणि भागवत विमानानं आला. दिवस मोजले तर मोहिनीचा तास नेमका तेराव्याला येत होता. भागवत म्हणाला की मी बाईंना कळवतो, रद्द करतील. तिकडून मोहिनी म्हणाली, "नको बाबा. कोणीच आलं नाही तर लुकास म्हणेल, बघा, भाषा नव्हतीच."

तेव्हा मी छाती पुढं काढून म्हणालो, "मी शिकवतो. त्यात काय अवघड हाय? जन्मभर मराठीच बोललोय."

हे मी बोलून गेलो खरं. पण आमच्या घरात बोलायचं खातं ताराकडं होतं. सोयरिकी तिनं जमवल्या, व्यापाऱ्याशी भाव तिनं केला, तलाठ्याशी भांडण तिनं केलं. मी माळावर मेंढरांमागं असायचो. माझं जे काय बोलणं होतं ते मेंढरांशी, आणि तारा गेल्यापासून मेंढरांनीही मला विचारायचं सोडलं होतं. रोज दिवस मावळायला ती दारात पाल्याची पाटी घेऊन उभी राहायची, हाक मारायची आणि सगळा कळप अंगणात पळत यायचा. आता मी तीच पाटी घेऊन तीच हाक मारली की मेंढरं माझ्याकडं बघायची आणि रवंथ करत बसायची. पाला त्यांच्या पुढ्यात नेऊन टाकावा लागायचा.

तेराव्याला अंगणात मांडव पडला. मांडववाला बिभीषण भजनासाठी कर्णे घेऊन आला होता. तिकडं सकाळ असते तेव्हा आपल्याकडं जेवणाची वेळ होते. एकीकडं पंगत बसत होती आणि भागवतनं एका खुर्चीवर तांब्या ठेवून त्याला फोन टेकवून उभा केला. समोर मला बसवलं. फोनात वर्ग दिसायला लागला. पोरं ओळीनं बसलेली, मोहिनी पुढं, आणि तिच्या मागं एक लालबुंद कानाचं पोरगं हाताची घडी घालून. मी न विचारता ओळखलं, हा लुकास.

बिभीषण म्हणाला, "आवाज लई बारीक येतोय, आबा. गावालाबी कळू द्या जर्मनी काय म्हनती ती." आणि मी नको म्हणायच्या आत त्यानं फोन आपल्या मशिनीला जोडला. एक कर्णा मांडवाच्या खांबाला होता, त्याचं तोंड मागच्या वाघरीकडं. वाघर म्हणजे दोरीच्या जाळीचं कुंपण, त्यात आमची मेंढरं बसवलेली. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिकडच्या बाईंनी पोरांना जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. भागवतनं मला सांगितलं, "आबा, तुमच्याकडं जे होईल आणि तुम्ही जे म्हणाल, तेच पोरं करणार आहेत. सुरू करा."

मी "या" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या डोक्यावर टोपी पडली.

आमच्याकडं दुखवट्याला येणारा पाहुणा टोपी-टॉवेल घेऊन येतो आणि ज्याच्या घरी दुःख झालंय त्याला तो आपल्या हातानं घालतो. मी मांडवात मधोमध बसलेलो. नेकनूरच्या पाहुण्यांना काय माहीत की मी जर्मनीशी बोलतोय! त्यांनी टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, पाठीवर हात फिरवून गेले. मी परत तोंड उघडलं. दुसरा पाहुणा आला. त्यानं पहिली टोपी काढून बाजूला ठेवली, आपली घातली. मग तिसरा. मला उठता येईना, कारण टोपी घेताना उठत नसतात. बोलता येईना, कारण कोणी ना कोणी गळ्यात पडलेलं. खांद्यावर टॉवेलांची एवढी चवड झाली की मी दुकानात मांडल्यासारखा दिसत होतो.

फोनात बघतो तर पोरं खुंटीवरच्या टोप्या काढून एकमेकांच्या डोक्यावर घालत होती आणि पाठीवर हात फिरवत होती. बाईंनी काहीतरी विचारलं. भागवत म्हणाला, "त्या विचारतात, मराठी बोलायच्या आधी किती टोप्या घालाव्या लागतात?"

एवढ्यात धर्मापुरीहून सावित्रीबाई आली. ही ताराची थोरली बहीण. पाय मोडल्यामुळं तिला आधी येता आलं नव्हतं. ती मांडवाच्या तोंडाशीच बसली आणि रीतीप्रमाणं तिनं हेल काढला, "अगं माझ्या तारा बाईऽऽ, मला सोडून कशी गेली गंऽऽ."

आणि कर्ण्यातून अख्ख्या वर्गानं, एका सुरात, तसाच हेल काढला.

सावित्रीबाई थांबली. तिनं वर कर्ण्याकडं बघितलं, मग फोनाकडं. मला वाटलं आता ही खवळणार. मी खाली मान घातली. ती पदरानं डोळे पुसत सरकत सरकत खुर्चीपाशी आली आणि त्या पोरांकडं बघत म्हणाली, "दाजी, ही कुनाची लेकरं म्हनायची? आमच्या घरच्या बाया चहा पिऊन गप बसल्या आन ही रडली वो ताराला." मग तिनं पुन्हा एकदा हेल काढला. पोरांनी पुन्हा साथ दिली. तिच्या घरच्या बायांनाही मग लाजेकाजेस्तव रडावं लागलं.

तिला बाजूला बसवतोय तोवर अमरसिंह दादा आले. हे आमच्या भागातले पुढारी. मांडवात कॅमेरा दिसला की त्यांना राहवत नाही. ताराला दोन शब्द वाहायला म्हणून ते माझ्या आणि फोनच्या मधी उभे राहिले. समोर जर्मनी आहे हे कळल्यावर त्यांनी येत्या जूनपासून तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत जर्मन सुरू करायचं जाहीर करून टाकलं. भाषण लांबलं. पंगतीत बसलेला सोमेश्वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, आधी गनिताचा मास्तर द्या. दोन वर्सं झाली, पोरं आपली आपन बेरजा करायलीत." दादा हसत बाजूला झाले. पण वेळ गेली ती गेलीच.

तिकडच्या बाई घड्याळाकडं बघत होत्या. लुकास मागच्या पोराच्या कानात काहीतरी सांगून हसत होता. मोहिनीचं तोंड एवढंसं झालं होतं. भागवत म्हणाला, "आबा, दोनच मिनिटं राहिलीत."

मोहिनी हळूच म्हणाली, "आबा, आज्जीचं सांगा ना."

कर्ण्यामुळं ते हळू बोलणं सगळ्या गावानं ऐकलं.

मी ताराचे शब्द आठवायला गेलो. रोज म्हटलेले शब्द, पण एकही जिभेवर येईना. मला नुसती तारा दिसत होती, दारात, हातात पाटी घेऊन. आणि माझ्या तोंडून तीच निघाली, तिची हाक.

"हुर्रर्रऽ ये गं बाई, येऽ."

भागवतनं कपाळावर हात मारला. पण पोरांना काय, त्यांना सांगितलंच होतं. अख्ख्या वर्गानं तोंड भरून हाक मारली. बारीक, चढे, बाईमाणसासारखे आवाज. बिभीषणाच्या कर्ण्यातून ते गावभर गेले.

मागं वाघर मोडल्याचा आवाज आला.

मेंढरं आली ती एक-दोन नाही, सगळी. पंगतीतून आली, बुंदीतून आली, वाढप्याच्या पायातून आली. वरणाची बादली आडवी झाली. अमरसिंह दादा खुर्चीवर चढले आणि एका मेंढीनं त्यांचं लोंबतं उपरणं तोंडात धरलं. सावित्रीबाई मोडका पाय विसरून खाटेवर उभी राहिली. पाहुण्यांनी माझ्यासाठी आणलेले टॉवेल मेंढरं हाकायला फिरवले, तर पोरांना तो धड्याचाच भाग वाटला आणि तिकडं अंगातले कोट फिरायला लागले. ताराच्या फोटोचा हार कुणी खाल्ला ते कळलंच नाही. मी ओरडलो, थांबा, बंद करा! पोरं तेही म्हणाली, आणि लगेच पुन्हा हाक मारली, कारण ती त्यांना जास्त आवडली होती.

मेंढरं खांबाखाली गेली आणि तिथं थांबली. सगळा कळप कर्ण्याखाली गोळा होऊन माना वर करून उभा राहिला. एकही ओरडलं नाही. नुसती वर बघत होती, आता पाटी कुठून येते ते.

कुणी हाकायला पुढं झालं नाही. सोमेश्वरनं हातातली काठी खाली ठेवली.

फोनात मोहिनी उभी राहून वर्गाला जर्मनमध्ये काहीतरी सांगत होती. मी भागवतला विचारलं. तो म्हणाला, "ती सांगतेय, ही माझ्या आज्जीची मेंढरं आहेत. त्यांना मराठी येतं."

मग तो लुकास उठला. पुढं येऊन त्यानं फोनात वाकून मेंढरांकडं नीट बघितलं आणि गंभीर तोंडानं काहीतरी बोलून जागेवर जाऊन बसला. भागवतनं सांगितलं, "तो म्हणतोय, एवढ्या जणींना कळली म्हणजे भाषाच असणार."

तास संपला.

पाहुण्यांना दुसऱ्यांदा स्वयंपाक करून वाढला. कळप मागं वाघरीत नेताना काही मेंढरं सोमेश्वरच्या तुरीत गेली होती. दुखवट्याचं घर म्हणून त्यानं काही दिवस दम धरला. मग एका सकाळी बांधावर येऊन त्यानं मला, मेंढरांना आणि सगळ्या जर्मनीला मनसोक्त शिव्या घातल्या. मला बरं वाटलं. ताराच्या मागं माझ्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं.

भागवत परत गेला. त्याचा फोन येतो. मोहिनीच्या शाळेत मधली सुट्टी संपली की बाई आता घंटा देत नाहीत, दारात उभ्या राहून आमच्या मेंढरांची हाक मारतात आणि वर्ग पळत आत येतो. लुकास सगळ्यात पुढं असतो. त्याला ती फार छान जमते. भागवत हे हसत सांगतो. मीही हसतो. एका देशातल्या एका शाळेत मराठी गेली, पण ती मेंढरांची, आणि शिकवणारा मी.

बाईंनी पुढच्या सप्टेंबरातही बोलावलंय. मी हो म्हटलंय. रोज संध्याकाळी पाला टाकून झाला की मी दारात बसून म्हणून बघतो. समोर जर्मनीतलं कोणी नसतं, पण म्हणतो.

या. बसा. पाणी घ्या. एवढं त्या पोरांना शिकवायचं राहिलंय.