गगनगोल नियमनिश्चिती मंडळाचा संक्षिप्त इतिहास

कोणत्याही समाजाची प्रगती त्याच्यात किती मंडळं आहेत यावरून मोजावी, आणि मंडळाची प्रगती त्याच्यात किती गट आहेत यावरून. या दोन्ही कसोट्यांवर सातारा आणि सांगली हे जिल्हे बरेच पुढे असावेत. (नेमके आकडे हाती नाहीत. ते गोळा करायला एक मंडळ निघालं होतं. त्याचे लगेच दोन गट पडले, असं ऐकिवात आहे.) तरीही १९९५ साली कराडला लागून असलेल्या मलकापुरात जे गगनगोल नियमनिश्चिती मंडळ स्थापन झालं, त्याची गोष्ट वेगळी. जो खेळ पृथ्वीवर कोणी खेळत नाही आणि खेळू शकणार नाही, त्याचे नियम ठरवण्याचं काम या मंडळाने अंगावर घेतलं. इतर क्रीडासंस्थांच्या कामात खेळाडू आणि मैदान यांचा सारखा व्यत्यय येतो. या मंडळाला तो त्रास नव्हता.

मंडळाचे संस्थापक आप्पासो जगताप. वय सत्तेचाळीस, शाळेत क्रीडाशिक्षक, कबड्डीचे जिल्हा पातळीवरचे पंच. त्यांची शिट्टी मलकापूरच्या बसथांब्यावर वाजली तर एसटी थांबे, असं लोक सांगत. आप्पासो ते नाकारत नसत.

त्या वर्षी टीव्हीवर दर रविवारी सकाळी साडेनऊला ‘मेघमंडल’ नावाची परदेशी कार्टून मालिका लागायची. ढगांवर वसलेलं राज्य, त्यातली माणसं हिंदी बोलायची आणि पंख फुटलेल्या मेंढ्यांवर बसून गगनगोल नावाचा खेळ खेळायची. आकाशात सात कड्या टांगलेल्या. कडीतून चमकता गोळा गेला की घंटा वाजायची. मग सगळ्यात वरच्या ढगावर बसलेला पांढऱ्या दाढीचा पंच अचानक उठून एका संघाकडे निशाण दाखवायचा, तो संघ नाचायचा आणि दुसरा रडायचा. का, ते कोणी सांगायचं नाही.

पोरं हे बघून खेळायला पळायची. आप्पासोंना मात्र जेवण जाईना. पंच निर्णय देतो आणि कारण सांगत नाही, हे त्यांच्या डोळ्यांदेखत दर रविवारी घडत होतं. त्यांनी शंभर पानी वही घातली. पुढे पंचवीस भागांत मिळून एकूण अकरा सामने झाले. त्यांची वहीतली फोड अशी: जास्त घंटा वाजवणारा संघ जिंकला, तीन वेळा, कमी घंटा वाजवणारा जिंकला, चार वेळा, घंटा सारख्या झाल्या आणि दोन्ही संघ रडले, दोन वेळा, गोळा मेंढ्याने गिळला, एकदा, वीज गेली, एकदा.

“आवं, मेंढा उडतोय त्याचं तुमास्नी काय वाटंना,” त्यांच्या पत्नी बनुबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “आन् नियम कुटला म्हून जेवान सोडलंय व्हय?”

हा प्रश्न मंडळाच्या इतिवृत्तात नाही. तो अधिकृत मार्गाने आला नव्हता.

आप्पासोंनी साताऱ्याच्या एका दैनिकाला पत्र लिहिलं. मुद्दा एवढाच, की पंचाचा निर्णय अंतिम असतो हे मान्य; पण तो समजण्यासारखा असावा. पत्र छापून आलं. आठवड्याने त्याच सदरात माधवनगरहून उत्तर आलं: “पंचाचा निर्णय समजण्यासारखा असावा, असे मलकापूरच्या पंचांनी म्हणावे, हा या वर्षातला उत्तम विनोद आहे. गगनगोलात शेवटची घंटा वाजवणारा जिंकतो, हे डोळे उघडे ठेवून बघणाऱ्याला दिसते. — मानसिंग पाटील, माधवनगर.”

आप्पासोंनी ते पत्र तीनदा वाचलं. बनुबाईंनी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही. पण झालं होतं. मानसिंगने सात वर्षांनी त्यांच्याशी बोलायला तोंड उघडलं होतं, मग ते वर्तमानपत्रातून का असेना.

मानसिंग म्हणजे आप्पासोंचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघे मलकापूरच्या एकाच तालमीत घुमले. पुढे कबड्डीच्या जोरावर मानसिंग माधवनगरच्या एका गिरणीत लागला आणि गिरणीच्या संघाचा कप्तान झाला. १९८८ साली एका अंतिम सामन्यात आप्पासो पंच होते. शेवटच्या मिनिटाला मानसिंग चढाई करून दोन गडी मारून परतत होता, तोच आप्पासोंनी शिट्टी मारली: पाय बाजूच्या रेषेला लागला, चढाईपटू बाद. गिरणी हरली. मानसिंग काही बोलला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. आप्पासोंच्या थोरलीच्या लग्नात त्याने बायकोला आहेर घेऊन पाठवलं, स्वतः आला नाही.

आता एक गोष्ट आप्पासोंनी कुणालाच सांगितली नव्हती, बनुबाईंनासुद्धा. शिट्टी मारली त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांत धूळ गेली होती. त्यांनी काहीही बघितलं नव्हतं. शिट्टी तोंडातच होती आणि मैदानावर आरडाओरडा झाला. पंच म्हणून काहीतरी करणं भाग होतं, तर ती वाजवली.

असो. दैनिकातून पत्रं सुरू झाली, दैनिक कंटाळल्यावर पोस्टकार्डं सुरू झाली. कार्डावर ना खुशाली, ना ‘घरी सर्वांना नमस्कार’. फक्त गगनगोल. आप्पासोंचं म्हणणं असं, की ढगाच्या कडेची पांढरी रेघ ही सीमारेषा आहे. मेंढ्याचा खूर तिला लागला की आधीच्या घंटा बाद. मानसिंग लिहायचा, काही जणांना जिथं तिथं रेषाच दिसतात. पोस्टमन दोन्ही बाजूंची कार्डं वाचून मग टाकायचा, त्यामुळे हां हां म्हणता गावात मत तयार झालं. मलकापूरचा रेषागट आणि माधवनगरचा घंटागट असे दोन गट आधी पडले आणि मग त्यांना एकत्र ठेवायला मंडळ स्थापन झालं. (बहुतेक मंडळं हे काम उलट्या क्रमाने करतात आणि म्हणून त्यांचा वेळ जातो.)

पहिली संयुक्त परिषद ऑगस्टात इस्लामपूरच्या एका मंगल कार्यालयात झाली. इस्लामपूर दोन्ही गावांच्या साधारण मधे पडतं. साधारण म्हणजे किती, यावर पहिला पाऊण तास गेला. हजर सभासद एकेचाळीस. अध्यक्ष म्हणून वाईचे प्राध्यापक चिंतामण गद्रे यांना बोलावलं होतं. त्यांना दोन्ही गटांचं म्हणणं कळलेलं नाही, याबद्दल दोन्ही गटांची खात्री होती. त्यांनी उद्घाटनपर भाषणात गगनगोल हे मानवी जीवनाचं प्रतीक असल्याचं सांगितलं. सभेने ते नोंदवून घेतलं आणि ती पुढच्या विषयाकडे वळली.

पुढचा विषय तज्ज्ञाची साक्ष. त्यासाठी म्हसवडहून कोंडीबा नावाचे मेंढपाळ आणले होते. प्रश्न होता, धावता मेंढा जाग्यावर वळू शकतो का. कारण वळत नसेल तर खूर रेघेला लागणारच. कोंडीबांनी सावकाश पागोटं सारखं केलं.

“मेंढा पुढच्याच्या मागनं जातुय. पुढचा वळला तर वळतुय.”

“आणि पुढचा?”

“त्यो बी कुनाच्या तरी मागनंच असतुय.”

ही साक्ष आमच्या बाजूची, असं दोन्ही गटांनी टाळ्या वाजवून जाहीर केलं.

आप्पासो आणि मानसिंग व्यासपीठाच्या दोन टोकांना बसले होते. एकमेकांशी बोलायचं तर अध्यक्षांमार्फत. “अध्यक्षमहाराज, त्यांना विचारा, नवव्या भागात रेघ दिसली का?” “अध्यक्षमहाराज, त्यांना सांगा, जे दिसत नाही ते बघायची आम्हाला सवय नाही.” मानसिंग जाडावला होता, कानाजवळ पांढरा झाला होता. हसला की पुढचा तुटका दात अजून दिसत होता. तो दात तालमीत आप्पासोंच्याच कोपराने गेला होता. आप्पासोंना वाटलं उठावं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसावं. पण विषयपत्रिकेवर तसा विषय नव्हता.

जेवणाच्या पंगतीत मंडळाच्या चुकीने दोघांची पानं शेजारी आली. रश्श्याचं भांडं आप्पासोंच्या हाताशी होतं.

“रस्सा सरकीव,” मानसिंग म्हणाला. अध्यक्षांमार्फत नाही, थेट.

आप्पासोंनी सरकवला. “तिखट हाय,” ते म्हणाले.

“असूं दे.”

सात वर्षांतलं एवढंच बोलणं. परतीच्या एसटीत आप्पासो खिडकीशी बसून हसत होते, आणि रेषागटाने त्याचा अर्थ परिषद आपण जिंकली असा लावला.

त्यानंतर परिषद दर महिन्याला घ्यावी असं ठरलं. पन्नाशीला आलेल्या दोन माणसांनी नुसतं आठवण आली म्हणून वीस मैलांवर जाऊन भेटणं आपल्याकडे बरं दिसत नाही. घरचे विचारतात, काय काम होतं? परिषद म्हटलं की कोणी विचारत नाही. आप्पासो महिनाभर त्या एका रविवारची वाट बघू लागले.

आणि मग ती घोषणा झाली. पंचविसाव्या भागाच्या शेवटी पडद्यावर अक्षरं आली: पुढचा भाग शेवटचा, त्यात दाढीवाला पंच गगनगोलचं रहस्य उलगडणार. मंडळात आनंदीआनंद झाला. ठराव क्रमांक चौदा एकमताने संमत झाला: नियम कळताच हरलेला गट दैनिकात लेखी कबुली देईल आणि मंडळ, कार्य पूर्ण झाल्यामुळे, विसर्जित होईल. ठरावाच्या बाजूने आप्पासोंनीही हात वर केला. वर केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

त्या रविवारी सकाळी सव्वानऊला मलकापुरात वीज गेली. माधवनगरात आदल्या दिवसापासूनच नव्हती. दोन्हीकडचे सभासद काळ्या पडद्यासमोर साडेदहापर्यंत बसले. सोमवारी दैनिकात वाचकांना आवाहन केलं, तेव्हा भाग बघितलेल्यांची बाहेरगावाहून सात पत्रं आली. सातांनी सात वेगळे नियम कळवले. (आठवं पुण्याचं होतं. त्यात नियम नव्हता, मंडळाच्या शुद्धलेखनाच्या चुका होत्या.) आता एखाद्या अधिकृत पंचाने तो भाग बघितला असता तरच निकाल लागला असता, त्याचा शब्द दोन्ही गटांनी मानला असता.

आप्पासोंनी तो भाग बघितला होता. शनिवारीच ते बहिणीचे गुडघे दुखतात म्हणून साताऱ्याला गेले होते. तिथे बहिणीच्या, गोदावरीच्या घरी वीज होती. दाढीवाल्या पंचाने तीन वाक्यांत नियम सांगितला. स्वच्छ, समजण्यासारखा. कोण बरोबर आणि कोण चूक, त्यात काही शंका उरली नाही.

सोमवारी मंडळाने विचारलं, तेव्हा आप्पासो म्हणाले, “बहिणीकडंबी लाईट न्हवती.” म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली जे बघितलं नव्हतं ते बघितलं म्हणून सांगणारा पंच, पंच्याण्णव साली जे बघितलं ते बघितलं नाही म्हणून सांगत होता. दोन्ही वेळा लोकांनी विश्वास ठेवला. पंचावर असा विश्वास असावा लागतो.

पुढची परिषद ठरल्याप्रमाणे झाली आणि चर्चा नेहमीपेक्षा रंगली. संध्याकाळी इस्लामपूरच्या एसटी स्टँडावर आप्पासो आणि मानसिंग दोघेच उरले. कराडची गाडी लागली होती, आप्पासो चढेनात.

“मान्या,” ते म्हणाले. हे नाव सात वर्षं तोंडात आलं नव्हतं. “त्यो शेवटचा भाग मी बघितलाय.”

मानसिंगने तंबाखू मळायची थांबवली नाही. “मीबी. म्हसवडला, कोंडीबाकडं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लावला हुता.”

“मग कोंडीबाला ठावं हाय?”

“त्यो म्हनला, मी मेंढ्यांकडं बघत हुतो.”

मग आप्पासोंनी एका दमात सांगून टाकलं, “अठ्ठ्याऐंशीला मी तुजा पाय बघितला न्हवता गड्या. डोळ्यात धूळ गेलती. तशीच शिट्टी मारली.”

“ठावं हाय.”

“ठावं हाय?”

“पाय लागला हुता,” मानसिंग म्हणाला. “माजा पाय मला कळत न्हाई व्हय? पन तू डोळं चोळत हुतास, ते मी बघितलं. न बघता मला बाद केलंस, त्याचा राग हुता. एकदा येऊन सांगितलं असतंस तर?”

आप्पासोंचे डोळे भरून आले. यावेळी धूळ नव्हती. कराडची गाडी गेली, त्यांनी ती जाऊ दिली. मानसिंगने मळलेली तंबाखू अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

“ह्यातलं मंडळात काय बोलायचं न्हाई,” तो म्हणाला. “पुढची परिषद कवा?”

“पुढल्या म्हैन्यात, दुसऱ्या रविवारी.”

“ये लवकर. रेघंचं तुजं लय चुकतंय, बघून घेतो.”

मंडळ आजही सुरू आहे. खरा नियम मंडळातल्या दोन माणसांना आणि, मेंढ्यांकडे बघत नसतील तर, कोंडीबांना माहीत आहे. तो इथे दिलेला नाही. दिला तर मंडळ विसर्जित होईल, हे ठराव क्रमांक चौदात स्पष्ट आहे.

आणि मेंढे उडतात अशा, कोणीच खेळत नसलेल्या, टीव्हीवरच्या खेळापायी जेवण सोडणाऱ्या माणसांना इथवर मनातल्या मनात हसत आलेल्या ज्या वाचकांना आता ‘पण नियम होता तरी काय?’ असं वाटून चुळबूळ सुरू झाली असेल, त्यांची नावं मंडळाने सभासद म्हणून नोंदवून घेतली आहेत. रेषागट की घंटागट, तेवढं पोस्टकार्डाने कळवावं.