मेडिकलला बायको नेऊ नये

डॉक्टरकडे जाताना मी कमळला बरोबर घेतलं. एवढंच केलं हो मी! (लग्न झालेल्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचावं.)

त्याचं झालं असं, की माझं हेवी गाडीचं लायसन संपत आलेलं. पेणच्या गोडाऊनवरून बंदरापर्यंत कंटेनर ओढतो मी. चाळिशी उलटली की लायसन रिन्यू करायला डॉक्टरच्या सहीचा फॉर्म लागतो. डोळे, कान, बीपी, सगळं धडधाकट आहे म्हणून. तो नसेल तर सोमवारी गाडीची चावी दुसऱ्याच्या हातात, हे शेठनं तोंडावर सांगितलेलं. आणि एकदा हातची गेलेली गाडी परत मिळते होय? दोन दिवस घास गोड लागत नव्हता. त्यात दवाखान्याचा वास आला की मला घाम फुटतो, म्हणून म्हटलं, आपलं माणूस शेजारी असलेलं बरं.

आमच्याकडे डॉक्टरसमोर नवरा बसतो आणि बोलते बायको. माझी पोटदुखीसुद्धा आजवर कमळनंच सांगितलीय. शिवाय तिला आईनं शिकवलेलं, डॉक्टरपुढं खोटं बोललं तर गुण येत नाही.

डॉक्टर अनम मॅडमनी फॉर्म पुढं ओढला. तरुण पोरगी, पण चेहरा आरटीओसारखा. "काका, नीट दिसतं ना?"

मी तोंड उघडलं.

"कुठलं दिसतंय!" कमळ सुरू झाली. "ताटातल्या मासळीचा काटा दिसत न्हाय यांना. रोज मी काढून देते, बारक्या पोराला देतात तसा."

मॅडमचं पेन थांबलं. "आणि ऐकायला?"

"चार हाका मारल्या तरी ओ देत न्हाईत. दळण आणायला सांगितलं तर पार ठार बहिरे."

"चक्कर वगैरे?"

"येते ना! माझ्या माहेरी जायचं निघालं का लगेच आडवे."

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. "बघा, बघा," ती म्हणाली, "पायपण आपोआप हलतोय!"

मॅडमनी फॉर्म बाजूला सारला. "काका, चक्कर येणाऱ्या माणसाला मी एवढी मोठी गाडी चालवायला कशी देऊ? रस्त्यावर लोकं असतात. सही नाही होणार."

इकडे आड, तिकडे विहीर! गप्प बसावं तर गाडी जाते, बोलावं तर समोर कमळ.

"मॅडम," मी म्हटलं, "मला काटा दिसतो."

"कवापासून?" हे कमळनं विचारलं.

"पहिल्यापासून."

"आन् हाका?"

"येतात ऐकू."

"आन् चक्कर?"

मी खाली बघितलं. (फरशीवरची मुंगी अगदी स्वच्छ दिसत होती.)

मॅडमनी हसू दाबत दंडाला पट्टा गुंडाळला. मशीनचा आकडा चढायला लागला तो थांबेचना. "बापरे! काका, एवढं बीपी असेल तर मग सही नाहीच हं." ते ऐकून तो आणखी चढला. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कमळकडे. "काकी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. पण थोड्या वेळानं पुन्हा मोजलं, तर बीपी एकदम नॉर्मल! मग खिडकीतून समोरच्या टेम्पोचा नंबर घडाघडा वाचला, लाल-हिरवा ओळखला, चार-पाच उठाबशा काढल्या. मॅडमनी सही केली, शिक्का मारला. मी अक्षरशः हात जोडले.

बाहेर बाकावर कमळ ढिम्म बसलेली. मी फॉर्म तिच्यापुढं नाचवला. "पास! गाडी राहिली आपली!"

तिनं तो घेऊन सावकाश वाचला. तिच्या डोळ्यांत जरा पाणी तरळलं, मला वाटलं चला, सुटलो.

"डोळे, कान, बीपी, समदं चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "डोकं तपासत न्हाईत व्हय?"

"नाही. तो रकानाच नसतो यात."

"तरीच," कमळ म्हणाली, "पास झालात."