ढोले मास्तरांचं हिरवं गठोडं

शिट्टीच्या तालावर गोधडी शिवून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमचे ढोले मास्तर. अमरावतीच्या आमच्या मुलांच्या शाळेत ते कवायत शिकवत. साठ साल उजाडायला अजून एक-दोन वर्षं होती. आम्ही दहावीतली दांडगी पोरं व्यायामशाळेच्या फरशीवर सुई-दोरा घेऊन बसायचो आणि मास्तर हुकूम सोडायचे, "एक! सुई आत. दोन! सुई भायेर. ए पोट्ट्या, दोनवर आत काहून घालून राहिला बे?"

त्याचं असं झालं. आमच्या विद्यार्थी सेवा मंडळाने त्या वर्षी दवाखान्यातल्या लहान मुलांच्या वार्डासाठी निधी जमवायचं ठरवलं. हिवाळाभर त्यांना रोज दूध मिळावं, एवढीच इच्छा. मंडळाचे प्रमुख मास्तर, चिटणीस मी. आधी नाटक बसवलं. पहिल्याच अंकात राजाची मिशी गळून राणीच्या हातात आली आणि पुढचं नाटक कुणी ऐकलंच नाही. मग शेंदूरजनाघाटहून संत्री आणून विकायला बसलो. विकणारेच खाणारे निघाले. मास्तरांनी रिकाम्या टोपल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता सालं विका."

शेवटी गोधड्यांवर आलो. घरोघरी जुनी लुगडी-धोतरं मागायची, गोधड्या शिवायच्या आणि स्नेहसंमेलनात विकायच्या. मागण्याचीही मास्तरांची रीत होती. "हात पसराचा नाही. सावधान उभं राहाचं अन् बोलाचं!" वलगावला एका म्हातारीच्या दारात आम्ही असे ओळीने उभे राहिलो, तर तिला वाटलं लष्करात भरती सुरू झाली. तिने घाईघाईने नातवाला कोठीत दडवलं.

जमलेले कपडे मास्तर एका हिरव्या लुगड्याच्या गठोड्यात बांधून खांद्यावर वाहायचे. या गठोड्याची शाळाभर थट्टा चालायची. एरवी डबाही त्यातच आणि डंबेल्सही त्यातच. हेडमास्तरांनी एकदा चांगली चामड्याची पिशवी देऊ केली, तर म्हणाले, "पिशवी खांद्याले टोचते." डंबेल्स टोचत नाहीत आणि पिशवी टोचते, यावर आम्ही आठवडाभर हसलो.

मास्तरांचा एक कडक नियम होता. फरशीवर जे येईल ते शिवायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. एका शनिवारी मास्तर गठोडं फरशीवर उघडून ठेवून हेडमास्तरांकडे गेले. आम्ही पडलो आज्ञाधारक! आतले कपडे संपवले आणि मग ते हिरवं लुगडंही टराटरा फाडून गोधडीच्या वरच्या थराला लावलं. त्याचा काठ चारी बाजूंनी फिरवला. शिट्टीवाचून आमचे टाके पहिल्यांदाच सरळ पडले होते. मास्तर आल्यावर मोठ्या ऐटीत दाखवलं.

त्यांच्या तोंडात शिट्टी होती, पण ती वाजली नाही. ते खाली बसले, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "टाके बरे हायेत." मग आम्हाला सुट्टी न देताच घरी निघून गेले.

शाळेचे शिपाई बाबूमियां दारातून पाहत होते. "अरे नादानो, वो उनकी घरवाली का लुगडा था," ते म्हणाले. "चार बरस हुए उसको जाके. घर में दुसरा कोई नहीं. मैंने पूछा था एक बार. तो बोले, पेटीत ठेवलं त पडून राहते, संगं फिरलं त बरं वाटते."

मला रडूच कोसळलं. दुसऱ्या दिवशी सगळे जाऊन मास्तरांच्या पाया पडलो. गोधडी तुम्हीच ठेवा म्हणालो. "ते आता मंडळाची हाये," मास्तर म्हणाले. "विकाले ठेवा."

हुकूम म्हणजे हुकूम. संमेलनात गोधडी मांडली खरी, पण काही झालं तरी ती विकू द्यायची नाही, असं आम्ही आपसात ठरवलं. जो हात लावील त्याच्या कानाशी लागून सांगायचं, "यात ढेकूण हायेत." अकोल्याच्या एका बाईंनी ती घडी घालून काखोटीला मारलीसुद्धा होती. मी त्यांच्यासमोर दोन्ही हातांनी पाठ खाजवली, तेव्हा कुठे खाली ठेवली. बाकीच्या गोधड्या हातोहात गेल्या आणि दुधाची सोय झाली. हिरवी तेवढी उरली.

"काहून उरली बे हे?" मास्तरांनी विचारलं. मी उगाच हिशेबाच्या वहीची पानं उलटू लागलो.

"पोट्टेहो, ढेकूण-ढेकूण पुऱ्या पटांगणाले ऐकू येऊन राहिलं होतं," ते म्हणाले. त्यांनी गोधडीची नीट घडी घातली. "आता ऐका. उरलेला माल वार्डात जाईन." आणि गोधडी खांद्यावर टाकून ते स्वतःच दवाखान्याकडे चालू लागले. आमचा सगळा खटाटोप वाया गेला, असंच मला वाटलं.

त्यानंतर मास्तर दर रविवारी दवाखान्यात जाऊ लागले. कशाला म्हणून विचारलं, की उत्तर ठरलेलं, "टाके तपासाले."

एका रविवारी दुपारी मी चिटणीस या नात्याने दूध वेळेवर येतं की नाही ते पाहायला वार्डात गेलो. कोपऱ्यातल्या खाटेवर एक चिमुकली हिरव्या गोधडीत निजली होती. तिला धाप लागली होती. मास्तर उशाशी स्टुलावर बसले होते. एक हात गोधडीच्या काठावर होता आणि तिचा श्वास चुकू नये म्हणून ते अगदी हळू आवाजात मोजत होते, "एक... दोन... एक... दोन..."

मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी दारातच सावधान उभा राहिलो. मला विश्राम द्यायचं त्या दिवशी मास्तर विसरूनच गेले.