ऑर्विल त्वेटची उंची

बास्केटबॉलमध्ये अवघड असं काही नसतं, हे मी त्रेचाळीसच्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चार माणसांत ठणकावून सांगितलं होतं. महायुद्ध चालू होतं, आमचे कोच नौदलात गेले होते आणि संघ कोण सांभाळणार, असं प्राचार्य विचारत होते. बाकीचे प्राध्यापक खिडकीबाहेरचा बर्फ बघायला लागले. मी छाती काढून म्हणालो, "आयोवातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना मी लॅटिन शिकवतो. मेलेली भाषा ज्याला त्यांच्या गळी उतरवता येते, त्याला एक चेंडू जाळीत घालणं काय जड आहे?"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला पिठाचा डबा धड फळीवर ठेवता येत नाही."

पण शब्द गेला होता. आणि खरं सांगतो, चेंडूचा त्रास मला झालाच नाही. त्रास झाला तो टपालाचा. सोमवारी मी पोरांना खेळ समजावावा, बुधवारी त्यातल्या एकाला सैन्याचं बोलावणं यावं आणि शनिवारी त्याची जागा रिकामी दिसावी. आम्ही सामने हरत होतो तसे समोरचेही हरत होते, कारण पोरं त्यांचीही जात होती. एका गावी तर त्यांच्याकडे चारच उरले होते, म्हणून आम्ही आमचा एक उसना दिला. तो त्यांच्याकडून आमच्याविरुद्ध छान खेळला. पुढच्या आठवड्यात तोही गेला.

राहता राहिला ऑर्विल त्वेट. ऑर्विल म्हणजे आमचा ताडमाड सेंटर, जाळीखाली उभा राहून खेळणारा, दारातून वाकून येणारा, बोलायला लाजणारा पोरगा. सामना सुरू होताना भोंग्यावरून आरोळी व्हायची, "सहा फूट आठ इंच, ऑर्विल त्वेट!" आणि समोरच्यांचे चेहरे पडायचे. सैन्यात साडेसहा फुटांवरचा माणूस घेत नाहीत, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यामुळे त्याची आई, त्वेटबाई, निर्धास्त होत्या. थोरला मुलगा लाइल आफ्रिकेत लढाईत पडला आणि त्याला तिथेच पुरलं. नवरा आधीच गेलेला. "देवानं एकाला उंच केलं ते बरं केलं," असं त्या चर्चमध्ये बटाटे सोलताना म्हणायच्या.

तर फेब्रुवारीत ऑर्विललाही तपासणीचं बोलावणं आलं. मी म्हणालो, "जा, मोजून ये आणि शनिवारच्या आत परत ये."

ऑर्विल बुटांकडे बघत राहिला. "सर, मी सहा-आठ नाहीये."

"म्हणजे?"

"कोच सगळ्यांच्याच उंचीत दोन-तीन इंच घालायचे. सगळ्याच कॉलेजांत घालतात. समोरचा घाबरतो."

मी त्याला तिथल्या तिथे भिंतीशी उभा करून मोजला. सहा फूट पावणेसहा इंच. पाव इंचानं पोरगा लढाईत जाणार होता. वाढवायचे तर पोरांचे मार्क वाढवा, म्हटलं, उंची कशाला वाढवता?

त्वेटबाईंना सांगायला मीच गेलो. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली आणि इतकंच विचारलं, "काहीच करता येणार नाही का, सर?"

आता अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी शिकलेला होतो. माणूस रात्रभर आडवा पडला की सकाळी अर्धा इंच उंच असतो आणि दिवसभर उभा राहिला की पुन्हा खचतो, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. म्हणजे पोराला अंथरुणातून न उठवता, आडवाच्या आडवा शहरातल्या तपासणीला पोचवला की काम फत्ते! त्याची पाठ धरल्याचं मी भरतीच्या बोर्डाला कळवलं आणि त्याला बाकीच्या पोरांपासून वेगळं आणायची परवानगी मिळवली. प्रश्न उरला गाडीचा. पेट्रोल रेशनवर होतं. पोटभर मिळायचं ते फक्त डॉक्टरला आणि मुडद्याला.

गावात नेल्स क्वाम यांचं खुर्च्याटेबलांचं दुकान होतं, आणि प्रेतं न्यायची काळी गाडीही त्यांचीच. ते म्हणाले, "मास्तर, माझ्या गाडीत पडून गेलेला माणूस परत आलेला नाही."

"हा येईल," मी म्हणालो.

सकाळी आम्ही ऑर्विलला गादीसकट उचलून आत सरकवला. पाय मागच्या काचेला टेकले, म्हणून क्वामनी त्याच्यावर काळं कापड ओढलं. त्वेटबाईंनी खिडकीतून डबा दिला. मी पुढे बसलो आणि निघालो.

पण क्वामना जन्माची सवय. त्या गाडीत बसले की त्यांचा पाय जोरात दाबतच नाही. आम्ही मुंगीच्या पावलांनी मुख्य रस्त्यानं चाललो. न्हावी अर्धी दाढी टाकून बाहेर आला आणि त्यानं टोपी काढली. दूधवाला थांबला. मागे एक मोटार लागली, मग दुसरी, आणि अंत्ययात्रेत लावतात तसे सगळ्यांनी दिवे लावले.

"जरा हाणा की गाडी," मी कुजबुजलो.

"मागे लोक आहेत, मास्तर. बरं दिसत नाही."

पुलापाशी पाद्रीबुवा आडवे आले. त्यांनी काच वाजवली. डोळे भरलेले. "शेवटी आणलं ना लाइलला आफ्रिकेतून? त्वेटबाईंच्या दारातून गाडी निघताना लोकांनी पाहिली."

काय सांगणार होतो मी? आत धाकटा झोपलाय, सैन्याला फसवायला निघालोय? मागे निम्मं गाव उभं. माझ्याकडून मान हलली. हो म्हणून हलली.

मग काय विचारता. पाद्रीबुवांनी बर्फात उभं राहून प्रार्थना सुरू केली. लोकांनी भजन म्हटलं. लाइलच्या शाळेतल्या बाई पुढे आल्या आणि गाडीच्या काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "गुणी होता हो. कधी खोटं बोलला नाही." तेवढ्यात काळ्या कापडाखालून शिंक आली. क्वाम प्रसंगावधानी माणूस. त्यांनी लागलीच दोन शिंका देऊन ती झाकली. पलीकडे चर्चची घंटा सुरू झाली. मागे मात्र पुन्हा आवाज म्हणून आला नाही.

कागदपत्रांसाठी आधी शहरात न्यायचंय, असं सांगून क्वामनी गाडी सोडवली; पोचायला दुपार झाली. तिथे उघड्याबंब पोरांची ही रांग! आडवं पडायची सोय नाही. ऑर्विल तासन् तास उभा, आणि मी कोपऱ्यात बसून त्याचा अर्धा इंच वाया जाताना बघतोय. शेवटी त्याचा नंबर आला. डॉक्टरांनी मान वर केली आणि चेहरा फुलला.

"अरे, त्वेट! तुझा सामना पाहिलाय मी. सहा-आठ ना? तुला कशाला मोजायचं? घरी जा, पोरा."

माझा जीव भांड्यात पडला. मी कोटही घातला.

ऑर्विल म्हणाला, "मोजा, साहेब."

"अरे, कशाला?"

"मोजा."

त्यानं टाचा भिंतीला लावल्या. सहा फूट पावणेसहा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. शिक्का पडला.

बाहेर आल्यावर मी ओरडलोच त्याच्यावर, "गाढवा, सुटला होतास की!"

"सर," तो म्हणाला, "गावानं लाइलला निरोप दिला आणि आत मी पडलो होतो. आता त्याच रस्त्यानं मी चेंडू घेऊन कसा जाऊ?" क्वामच्या गाडीत तो परत बसलाच नाही. बाकीच्या पोरांबरोबर बसनं येतो म्हणाला.

त्वेटबाईंच्या घरी पोचलो तर ओट्यावर, टेबलावर, खिडकीत शेजाऱ्यांनी आणलेली झाकलेली भांडी. बटाट्याची, शेवयांची, पुन्हा बटाट्याची. बायका नुकत्याच गेल्या होत्या. बाई मधोमध एकट्या बसल्या होत्या.

"तुम्ही त्यांना खरं सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"लाइलसाठी गायला लागल्या, सर. मला थांबववेना."

मग मी घडलं ते सांगितलं. डॉक्टर सोडत होते, तेही सांगितलं. तेव्हा त्यांनी विचारलं,

"मोजताना कसा उभा होता?"

"ताठ," मी म्हणालो. "अगदी ताठ."

त्यांनी एका भांड्यावरचं फडकं नीट केलं. "जन्मभर कानीकपाळी ओरडले त्याच्या, पोक काढू नकोस म्हणून," त्या म्हणाल्या. "आजच बरं ऐकलंन."